पुस्तकं मोजणारं वाचनालय

आमच्या भागातल्या वाचनालयात सकाळी आठनंतर गेलात तर बसायला जागा मिळत नाही. एमपीएससी, बँक, पोलीस भरती, तलाठी... अभ्यासिकेत पोरं-पोरी डबे घेऊन येतात आणि रात्री कुलूप लागेपर्यंत बसतात. नागपुरात अशा अभ्यासिका गल्लोगल्ली आहेत. त्याच इमारतीत, भिंतीपलीकडे, पुस्तकांची खोली आहे. तिथे मात्र जागाच जागा. कपाटांना काचा, काचांना कुलपं, आणि किल्ल्या ताईंच्या टेबलाच्या खणात.

मी सॉफ्टवेअरवाला. दर शनिवारी येऊन पुस्तकांची यादी कॉम्प्युटरवर चढवून देतो, असं मीच आपण होऊन सांगितलं. मनात उत्साह होता आणि थोडा अहंकारही. दोन महिन्यांत इथली सिस्टीम सुधारून टाकू, असं वाटत होतं.

पहिला धक्का दाखल नोंदवहीने दिला. कपाटात वाळवीने खाल्लेली, पानं गळालेली, एकाच पुस्तकाच्या तीन-तीन प्रती होत्या. मी ग्रंथपाल ताईंना विचारलं, ‘हे काढून का टाकत नाही?’ त्या म्हणाल्या, ‘काढलं की आकडा कमी होते. आकडा कमी झाला की वर्ग जाते. मग अनुदान तू देशील का?’

घरी येऊन मी नियम वाचले. आपल्याकडे महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा आणि अनुदानाचे नियम १९७० चे. त्यानुसार शासनमान्य ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पडतात. पुस्तकं किती, वर्तमानपत्रं आणि नियतकालिकं किती, सभासद किती, दार किती तास उघडं, अशा गोष्टींवर वर्ग ठरतो आणि वर्गावर अनुदान. ‘ड’ वर्गाला वर्षाला ३० हजार रुपये मिळायचे. नंतर ६० टक्के वाढ झाली, तेव्हा ते ४८ हजार झाले. महिन्याला चार हजार. त्यात ग्रंथपालाचा पगारही आला आणि पुस्तकांची खरेदीही.

पैसे कमी आहेत, याबद्दल वाद नाही. तमिळनाडू, कर्नाटक, केरळ यांच्या कायद्यांत ग्रंथालयांसाठी उपकराची तरतूद आहे. आपल्या कायद्यात ती नाही, त्यामुळे दरवर्षी अर्थसंकल्पाकडे डोळे लावून बसावं लागतं. पण माझा आक्षेप पुढचा आहे. आहे त्या पैशात आपण ग्रंथालयाला नेमकं काय करायला सांगतो?

माझ्या धंद्यात एक गोष्ट लवकर कळते. ज्या आकड्यावर बक्षीस ठेवाल, तोच आकडा वाढतो. १९६७ साली पुस्तकं मोजणं बरोबरच होतं. गावात पुस्तकंच नव्हती, आधी ती जमवायची होती. पण आज तोच नियम जमवलेलं धरून ठेवायला शिकवतो. निर्लेखनाची सोय आहे, पण याद्या करा, ठराव करा, मंजुरी घ्या, आणि एवढं करून हाती काय, तर खाली आलेला आकडा. शिवाय तपासणीची धास्ती. २०१२ मध्ये महसूल यंत्रणेने राज्यभरातल्या ग्रंथालयांची पडताळणी केली, त्याच्या आठवणी अजून निघतात. रजिस्टरात आहे ते कपाटात दिसलं पाहिजे. या हिशोबाने ग्रंथपालासाठी सगळ्यात सुरक्षित पुस्तक कोणतं? जे कधीच कोणी घरी नेत नाही ते.

कुलपांचा अर्थ मला तेव्हा लागला. ताई आळशी नव्हत्या. नियमाने शिकवलं तसंच त्या वागत होत्या.

यावर नेहमीचं उत्तर म्हणजे ‘कॉम्प्युटरायझेशन करा’. मीही तेच घेऊन आलो होतो. कोहा नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ या छोट्या भागातल्या ग्रंथालयांची जुनी यंत्रणा सन २००० च्या तारखांपुढे टिकणार नव्हती, नवी महागडी घ्यायला पैसे नव्हते. त्यांनी स्वतःसाठी नवी लिहून घेतली, जानेवारी २००० मध्ये सुरू केली आणि जगाला वाटून टाकली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. गोष्ट छानच आहे. पण सॉफ्टवेअर फुकट मिळालं तरी नोंदी भरणारे हात फुकट मिळत नाहीत. आणि चुकीची गोष्ट मोजणारी वही कॉम्प्युटरवर नेली, तर ती चुकीची गोष्ट फक्त वेगाने मोजते.

मीही तेच केलं. देवघेवीच्या जुन्या वह्यांवरून, पाच वर्षांत एकदाही बाहेर न गेलेल्या पुस्तकांची यादी काढली आणि ‘ही काढून टाका’ म्हणून ताईंपुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावून ती वाचली. यादीत विदर्भातल्या छोट्या प्रकाशकांची जुनी पुस्तकं होती, शाळांच्या, संस्थांच्या स्मरणिका होत्या, दुसरीकडे कुठे सापडतील याची खात्री नाही अशा. ‘कोणी नेलं नाही म्हणून फेकून देऊन राहिला का तू?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुस्तकांच्या जागी मी फक्त आकडा बदलला होता. आधी साठा मोजत होते, मी देवघेव मोजू लागलो होतो. दोन्हीकडे पुस्तक कोणीच उघडून पाहिलं नव्हतं.

त्यामुळे आता मला वाटतं, की आधी पुस्तकांचे दोन भाग केले पाहिजेत. जपायची आणि फिरवायची. जपायचं पुस्तक शहरात एका-दोन ठिकाणी नीट ठेवलं तरी पुरे, पण ते कुठे आहे हे सगळ्यांना कळलं पाहिजे. फिरवायचं पुस्तक एका कपाटात अडकून पडता कामा नये. ही काही माझी नवी कल्पना नाही. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बडोद्यात बोलावलं, आणि त्या व्यवस्थेत पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरत. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ उपक्रमात २००९ पासून शंभर पुस्तकांची पेटी वाचकांच्या गटाकडे जाते आणि काही महिन्यांनी दुसऱ्या गटाच्या पेटीशी बदलली जाते. शंभर पुस्तकांच्या पैशात वाचक कितीतरी शंभर पुस्तकं वाचतो. नागपुरातल्या पाच छोट्या वाचनालयांनी एक साधी सामायिक यादी केली आणि तीन महिन्यांनी पेट्या बदलल्या, तर त्याला सॉफ्टवेअरही लागणार नाही. एक ऑटो लागेल.

अडचण एवढीच की आजच्या नियमात पेटी बाहेर गेली की कपाट रिकामं दिसतं. नियम बदलायचा तर तो इथे बदलावा: दुसऱ्या ग्रंथालयाला दिलेलं पुस्तक दोघांच्याही खात्यात धरावं, आणि निर्लेखनाने वर्ग काही वर्षं तरी खाली जाऊ नये. देवघेवीच्या खोट्या नोंदी होतील, असं कोणी म्हणेल. होतीलच. पण आजही आपण वाळवीला पुस्तक म्हणून मोजतोच आहोत.

तोवर आम्ही एक छोटी गोष्ट केली. अभ्यासिकेच्या दाराशी एक उघडी मांडणी ठेवली. त्यात चाळीसेक पुस्तकं, दोऱ्याला बांधलेली पेन्सिल आणि एक वही. डिपॉझिट नाही. पहिल्या आठवड्यात कोणी हात लावला नाही. मग पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या एका मुलीने कादंबरी नेली, तिच्यामागून तिच्या मैत्रिणींनी.

दोन पुस्तकं अजून परत आलेली नाहीत. ताईंनी ती नोंदवहीत लाल पेनने लिहून ठेवली आहेत.

‘कोणीतरी वाचत असेल ना, ताई,’ मी म्हटलं.

‘वाचत असंलच,’ त्या म्हणाल्या. ‘पण तपासणीवाले आले की हे तूच सांगजो त्यांना.’