सागरी भूमिकाक्रीडेतील ऐतिहासिक वास्तवता आणि खेळाडूचे स्वातंत्र्य

इंग्रजीत रोलप्ले म्हणून ओळखल्या जाणाऱ्या क्रीडाप्रकारात खेळाडू एखाद्या पात्राची भूमिका स्वीकारतो, पंच प्रसंग मांडतो आणि पात्राने काय करावे हे खेळाडू ठरवतो. हा प्रसंग इतिहासातील, त्यातही शिडाच्या युद्धनौकेवरील असेल, तर एक वाद हमखास उद्भवतो. अठराव्या शतकातील नौदल अधिकाऱ्याला कठोर शिस्त होती. खेळाडूला मात्र स्वतःच्या मनाप्रमाणे वागायचे असते. या वादाकडे सामान्यतः तराजू म्हणून पाहिले जाते : एका पारड्यात इतिहास, दुसऱ्यात स्वातंत्र्य. हे गृहीतकच तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

जॉन विल्यम्स यांचा ‘प्रायव्हटिअर्स अँड जंटलमेन’ हा १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेला खेळ या संदर्भात उल्लेखनीय ठरतो. त्यात जहाजांच्या लढाईचे नियम ‘हार्ट ऑफ ओक’ या भागात, तर पात्रांच्या कारकिर्दीचे नियम ‘प्रमोशन्स अँड पावडर’ या भागात येतात. ही विभागणी वरकरणी सोयीची वाटते. परंतु तिच्यात एक महत्त्वाचा भेद सूचित झालेला आहे. समुद्र आणि वारा यांची बंधने वेगळी, नौदल या संस्थेची बंधने वेगळी. चौकोनी शिडांचे जहाज वाऱ्याच्या दिशेशी साधारणपणे ६७ अंशांपेक्षा कमी कोन करून पुढे जाऊ शकत नसे. येथे खेळाडूच्या इच्छेला वाव नाही, आणि तसा तो नसावा. वारा कोणाचे ऐकत नाही म्हणूनच वाऱ्याकडील बाजू मिळवण्याची धडपड अर्थपूर्ण ठरते. ‘सिड मायर्स पायरेट्स’ (१९८७) या संगणकीय खेळात कॅरिबियन समुद्रातून पूर्वेकडे जाणे संथ व कंटाळवाणे होते, आणि खेळाडूचे सारे नियोजन त्या संथपणाभोवतीच फिरते.

संस्थेचे बंधन मात्र वाऱ्यासारखे नसते. नियम कॅप्टनचा हात धरत नाही. तो नंतर जाब विचारतो. बहुतेक पंचांची गफलत नेमकी येथे होते. ‘तुमचा अधिकारी असे करणार नाही’ असे सांगून ते खेळाडूला अडवतात आणि त्याला ऐतिहासिक वास्तवता असे नाव देतात. प्रत्यक्ष इतिहास काय सांगतो? १७४४ मध्ये तुलाँजवळच्या लढाईत अॅडमिरल थॉमस मॅथ्यूज यांनी युद्धरांग मोडून शत्रूवर चाल केली. १७४७ मध्ये लष्करी न्यायालयाने त्यांना बडतर्फ केले. त्या न्यायालयात जॉन बिंग हे एक न्यायाधीश होते. पुढे १७५६ मध्ये मिनॉर्काजवळ बिंग यांनी रांग सांभाळण्याकडे लक्ष दिले, आणि शत्रूचा पाडाव करण्याची पराकाष्ठा केली नाही या आरोपावरून १४ मार्च १७५७ रोजी त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. न्यायालयाने भ्याडपणाच्या आरोपातून त्यांना मुक्त केले होते, दयेची शिफारसही केली होती. परंतु १७४९ च्या युद्धसंहितेने सौम्य शिक्षेची वाट बंद केलेली होती. आणि १७९७ मध्ये केप सेंट व्हिन्सेंटच्या लढाईत नेल्सन यांनी आज्ञेविना रांग सोडली, तेव्हा त्यांच्या वाट्याला सन्मान आला.

या तीन प्रसंगांतून एकच नियम काढू पाहणाऱ्या पंचाची कुचंबणा होईल. रांग सोडावी की सांभाळावी याचे उत्तर अधिकाऱ्याच्या हाती आधी नसे. ते परिणामांनंतर, इतरांच्या तोंडून मिळे. म्हणजे स्वातंत्र्य होते आणि त्याची किंमतही होती. जहाज गमावणाऱ्या प्रत्येक कॅप्टनला ब्रिटिश नौदलात चौकशीला सामोरे जावे लागे. बंडखोरांनी ‘बाउंटी’ हिरावून घेतल्यावर विल्यम ब्लाय यांचीही १७९० मध्ये अशी चौकशी होऊन ते निर्दोष ठरले. या न्यायालयात ५ ते १३ अधिकारी बसत. खेळाच्या दृष्टीने ही तरतूद म्हणजे घबाडच आहे. खेळाडूला हवे ते करू द्यावे, आणि लढाई संपल्यावर उरलेल्या खेळाडूंनीच न्यायाधीश होऊन त्याची उलटतपासणी करावी. एरवी कॅप्टनच्या आज्ञा ऐकत बसणाऱ्या खेळाडूंनाही यामुळे खरे काम मिळते. (आज्ञा देणारा एक आणि ऐकणारे पाच, ही या प्रकारच्या खेळाची जुनी दुखणी आहे.)

लुटीच्या वाटणीचेही असेच. १८०८ पूर्वी पकडलेल्या जहाजाच्या किमतीतील तीन अष्टमांश कॅप्टनला मिळत. तो अॅडमिरलच्या आज्ञेखाली असल्यास त्यातील एक अष्टमांश अॅडमिरलकडे जाई. ताफ्यापासून दूर, एकट्याने फिरण्याची ओढ अशी नियमांतच पेरलेली होती. नेमून दिलेली गस्त पाळावी की क्षितिजावरच्या शिडाचा पाठलाग करावा, हा पेच पंचाला कल्पनेने रचावा लागत नाही.

वास्तवता म्हणजे सरासरी, हा दुसरा गैरसमज. ६ मे १८०१ रोजी लॉर्ड कॉक्रन यांनी ‘स्पीडी’ या १४ लहान तोफांच्या जहाजावरील ५४ माणसांनिशी ‘गामो’ हे ३२ तोफांचे व ३१९ माणसांचे स्पॅनिश जहाज जिंकले. त्यांनी आपले जहाज इतके जवळ नेले की शत्रूचे गोळे डोक्यावरून गेले. तोफा मोजणाऱ्या कोष्टकाला हा निकाल मान्य होणार नाही; परंतु तो घडलेला आहे. स्त्री किंवा कृष्णवर्णीय पात्र घेणाऱ्या खेळाडूला इतिहासाचा दाखला देऊन नाकारणाऱ्यांनी पुरुषवेशात मरीन सैनिक म्हणून १७४८ च्या पाँडिचेरीच्या वेढ्यात उतरलेल्या हॅना स्नेल आणि १८०० मध्ये कॅप्टनपदी पोहोचलेले जमैकाचे मिश्रवंशीय जॉन पर्किन्स यांची नावे लक्षात ठेवावीत. अपवाद दुर्मिळ असावा, अशक्य नसावा. त्याची किंमत जबर असावी, एवढेच पंचाने पाहावे.

आतापर्यंतची सर्व उदाहरणे ब्रिटिश नौदलाची आहेत, आणि या प्रकारच्या खेळांचीही स्थिती फारशी वेगळी नाही. वर उल्लेखिलेले मॅथ्यूज तुलाँपूर्वी कोकण किनाऱ्यावर येऊन गेले होते. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी कान्होजी आंग्रे यांच्या कुलाबा किल्ल्यावर संयुक्त हल्ला केला, त्यात ते सहभागी होते, हल्ला फसला. हाच प्रसंग खेळाचा विषय केल्यास वास्तवतेचा प्रश्न नव्याने उभा राहतो. वारा पडल्यावर युरोपीय जहाज जागीच खिळते. आंग्र्यांची गलबते मात्र वल्ह्यांच्या बळावर गुराबांना ओढत त्याच्या पिछाडीला, जिथे तोफा थोड्या, तिथे आणत. एका पक्षाला हतबल करणारी तीच शांतता दुसऱ्याला चाल करण्याची मोकळीक देते. दस्तकाविना चाललेले व्यापारी जहाज पकडणे सरखेल कान्होजींच्या लेखी आपल्या सागरी सत्तेची अंमलबजावणी होती. मुंबईकर इंग्रजांच्या लेखी ती चाचेगिरी होती. येथे पंचाने इंग्रजांचीच संहिता हाती घेतली, तर आंग्र्यांच्या बाजूने खेळणारा पहिल्या डावापासून आरोपी ठरतो. दोन्ही पक्षांची न्यायालये वेगळी बसवावी लागतील, आणि कान्होजींच्या दरबारात कोणता प्रश्न विचारला जाई हे त्या पंचाला आधी शोधावे लागेल.