बाखच्या आधीचा चेलो आणि आपला 'रिसर्च गॅप'

मित्रांनो, सिनॉप्सिसमध्ये 'या विषयावर आधी काम झालेलं नाही' असं लिहिताय? जरा थांबा. हे संगीतातलं उदाहरण बघा.

एकट्या चेलोसाठीचं संगीत म्हटलं की लोक बाखच्या सहा सुइटपासून सुरुवात करतात. ते साधारण १७२० चे. पण बोलोन्याच्या दोमेनिको गाब्रिएल्लीने १६८९ मध्येच एकट्या चेलोसाठी 'रिचेरकार' लिहिले होते. या शब्दाचा मूळ अर्थच 'शोध घेणे'! पुढच्याच वर्षी तो वारला आणि रचना हस्तलिखितात पडून राहिल्या.

सोलापुरात खोलीवर हेडफोन लावून मी त्या ऐकल्या. वाद्य एकच, पण खालचा सूर विचारतो आणि वरचा उत्तर देतो. सारंगीसारखंच चेलोचं काम तेव्हा मुख्यतः साथीचं होतं, हे लक्षात घेतलं की यातलं धाडस कळतं. बाखची खोली इथे नाही. काही जागा रियाजाच्या पलट्यांसारख्या वाटतात. तरी याला 'बाखची पूर्वतयारी' म्हणू नका. बाखने हे पाहिल्याचा पुरावा नाही. आधी घडलं म्हणून ते कारण ठरत नाही.

'हरवलेले सुइट कासाल्सने १८९० मध्ये शोधले' हेही अर्धसत्यच. ते १८२० च्या दशकातच छापले गेले होते. कासाल्सने ते मैफलीत रुजवले.

म्हणून आपल्या लिटरेचर रिव्ह्यूमध्ये तीन तारखा वेगळ्या लिहा: काम कधी झालं, कधी छापलं, कधी गाजलं. बऱ्याचदा आपला 'गॅप' फक्त तिसऱ्या तारखेचा असतो.