तळ्याच्या कोड्यातला हरवलेला नाला

दामदुपटीची वाढ शिकवताना एक कोडे हमखास सांगितले जाते. एका तळ्यातली पाणवनस्पती रोज दुप्पट होते आणि तिसाव्या दिवशी सगळे तळे झाकते. तर अर्धे तळे कोणत्या दिवशी झाकले गेले असेल? वर्गातली निम्मी मुले ‘पंधराव्या’ म्हणून मोकळी होतात. उत्तर एकोणतीस आहे हे उमगले की जो शांतपणा पसरतो, तो शिक्षकाला सुखावणारा असतो. डॉनेला मेडोज आणि सहकाऱ्यांच्या ‘द लिमिट्स टू ग्रोथ’ या १९७२ सालच्या पुस्तकात हे कोडे फ्रेंच मुलांचे म्हणून दिले आहे आणि तिथून ते जगभर गेले.

गणित म्हणून या कोड्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती ते पर्यावरणाच्या तासाला वापरण्याबद्दल. हल्ली जलपर्णीचा प्रश्न समजावताना हेच कोडे पुढे केले जाते, आणि मुले त्यातून चुकीचे विज्ञान घेऊन बाहेर पडतात.

या कोड्यात फक्त दोनच गोष्टी आहेत : वनस्पती आणि दिवस. पाणी त्यात नाहीच. तळे म्हणजे जणू झाकण्यासाठी अंथरलेला एक सपाट कागद. वनस्पती वाढते, कारण वाढणे हा तिचा स्वभाव! मराठीत कोडे सांगताना कधी कधी या वनस्पतीचे कमळ होते, तेही अन्यायाचेच. कमळ तळाच्या गाळात मूळ धरून राहते. दक्षिण अमेरिकेतून जगभर पसरलेली जलपर्णी मात्र सुटी तरंगते आणि आपले अन्न मुख्यतः लोंबत्या मुळांनी थेट पाण्यातून घेते. त्यामुळे ती किती वेगाने वाढेल हे बरेचसे पाणी ठरवते. पाण्यात विरघळलेले नत्र आणि स्फुरद (फॉस्फरस) ठरवतात. उबदार, सांडपाण्याने समृद्ध झालेल्या पाण्यात ती एक ते दोन आठवड्यांत दुप्पट होते. तीच वनस्पती निकस पाण्यात खुरटी राहते आणि अन्नाच्या शोधात मुळे लांबवते. काठावरून एक रोप उपटून मुळे आणि पाने यांची तुलना केली, तरी पाण्याच्या तब्येतीचा अंदाज येतो.

दुसरा दोष अधिक महागात पडणारा आहे. कोडे ऐकणाऱ्याला वाटते की एकोणतिसाव्या दिवशी जागे होऊन वनस्पती काढली की तळे वाचले. पण कोड्याचेच गणित पुढे नेऊन पाहा. अर्धी वनस्पती काढली तर फक्त एक दिवस मिळतो. आता खरे आकडे घेऊ. यंत्र लावून नव्वद टक्के जलपर्णी काढली, म्हणजे दहा टक्के उरली. दुपटीचा काळ बारा दिवसांचा धरला, तर दहाचे वीस, विसाचे चाळीस, चाळिसाचे ऐंशी व्हायला छत्तीस दिवस, आणि साधारण चाळिसाव्या दिवशी तळे पुन्हा भरते. (प्रत्यक्षात दाटी झाली की वेग मंदावतो, म्हणून थोडे अधिक दिवस धरा.) शिवाय गाळात पडलेले जलपर्णीचे बी वीस वर्षांपर्यंत रुजू शकते. दरवर्षी निविदा निघते, यंत्र येते, छायाचित्रे छापून येतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा निविदा निघते, ते का, हे या चार ओळींच्या हिशेबात दिसते. काढलेला ढीग काठावरच कुजत ठेवला, तर त्यातले अन्न पहिल्या पावसाबरोबर तळ्यात परत जाते. फवारणी करून जलपर्णी मारली तर ती पाण्यातच बुडून कुजते, विरघळलेला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात.

‘पण जलपर्णी पाणी शुद्ध करते ना?’ असा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. ती अन्नद्रव्ये शोषते हे खरे. किती, ते पाहू. शंभर टन ओल्या जलपर्णीत पंचाण्णव टन पाणीच असते. उरलेल्या पाच टनांत स्फुरद ०.४ टक्के धरले, तर ते वीस किलो भरते. एका माणसाकडून सांडपाण्यात रोज सुमारे दीड ग्रॅम स्फुरद जाते असे धरले, तर शंभर टन जलपर्णी उपसून आपण तेरा हजार लोकांच्या गावाचा फक्त एका दिवसाचा भार काढला! आकडे ढोबळ आहेत, तरी प्रमाण लक्षात यावे. नाला मात्र रोज वाहतो.

नाला तसाच ठेवून वनस्पती हटवली तर काय होते, याचा धडा दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाजवळच्या हार्टबीस्पोर्ट धरणाने दिला आहे. जोहान्सबर्ग परिसराचे सांडपाणी क्रोकोडाइल नदीतून या जलाशयात येते. १९७० च्या दशकात तो जलपर्णीने व्यापला, तेव्हा दशकाच्या अखेरीस रसायने फवारून ती मारण्यात आली. पाणी मोकळे झाले, त्यावर ऊन पडू लागले आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मायक्रोसिस्टिस या विषारी नील-हरित शैवालाची जाड साय जलाशयावर धरली. अन्न तेच होते, खाणारा बदलला. पुढे जलपर्णीही परतली. अलीकडे तिच्यावर रस शोषणारे कीटक मोठ्या संख्येने सोडले गेले आणि ती कमी झाली. पण तोवर साल्विनिया ही दुसरी तरंगती वनस्पती तिथे येऊन दाखल झाली. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे पाणी भीमेतून पोचते त्या उजनीच्या काठच्या शिक्षकांना ही गोष्ट परकी वाटणार नाही.

कीटकांचा उपाय निरर्थक आहे, असे मात्र कुणी समजू नये. केरळात ‘आफ्रिकन पायल’ म्हणून ओळखली जाणारी साल्विनिया १९८० च्या दशकात आणलेल्या एका इवल्याशा सोंडकिड्याने आटोक्यात आणली, हे भारतीय कीटकशास्त्राचे मोठे यश आहे. इथेही पाण्यातले अन्न मध्ये येतेच. पापुआ न्यू गिनीच्या सेपिक नदीत हाच किडा सुरुवातीला टिकेना, कारण तिथल्या रोपांत नत्र फार कमी होते. शेवटी रोपांवर युरिया टाकून त्यांना पौष्टिक करावे लागले, तेव्हा किडे वाढले! उलट सांडपाण्यावर पोसलेली जलपर्णी किडे खातील त्याहून वेगाने नवी पाने काढते.

नाला वळवला तर? अमेरिकेतल्या सिअॅटल शहराजवळच्या लेक वॉशिंग्टनमध्ये जाणारे सांडपाणी १९६३ ते १९६८ या काळात टप्प्याटप्प्याने बंद करण्यात आले. काही वर्षांतच शैवाल कमी झाले आणि पाणी पारदर्शक झाले. ते सरोवर खोल होते. आपल्या उथळ तळ्यांत गाळात साठलेले स्फुरद बराच काळ पाण्यात उतरत राहते, म्हणून इथे धीर अधिक लागेल.

वर्गात कोडे सांगायचे असेल तर जरूर सांगा, पण सोबत दोन काचेच्या बरण्या ठेवा. डबक्यावर तरंगणाऱ्या टिकलीएवढ्या हिरव्या पानांच्या वनस्पतीची वीस-वीस पाने प्रत्येक बरणीत सोडा. (जलपर्णी शाळेत आणू नका.) एका बरणीत पावसाचे पाणी, दुसरीत त्याच पाण्यात चिमूटभर सुपर फॉस्फेट आणि त्याहून कमी युरिया. दोन्ही एकाच खिडकीत ठेवून मुलांना दर दोन दिवसांनी पाने मोजू द्या आणि आलेख काढू द्या. दहाव्या दिवशी दोन्ही बरण्यांतली निम्मी पाने काढून टाका आणि मोजणी चालू ठेवा. मग पुन्हा विचारा : तळे कोणत्या दिवशी भरेल? या वेळी ‘कुठल्या बरणीतले?’ असा उलट प्रश्न मुलांकडून आला, तर त्याला पूर्ण गुण द्यावेत.