मानसिक आघात, अमेरिकन कादंबरीतील
असह्य अनुभवामुळे मनावर होणारा व तो प्रसंग सरल्यानंतरही टिकून राहणारा आघात, हा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अमेरिकन कादंबरीचा एक महत्त्वाचा विषय ठरला. किशोरवयीन मुली व तरुण स्त्रिया यांच्या चित्रणात तो विशेषत्वाने आढळतो. येथील मूलभूत वाङ्मयीन प्रश्न निवेदनाचा आहे : जो अनुभव वाचाच हिरावून घेतो, तो सांगावयाचा कोणी?

सिल्व्हिया प्लाथ हिची द बेल जार (१९६३) ही कादंबरी प्रथम व्हिक्टोरिया ल्यूकस ह्या टोपणनावाने प्रसिद्ध झाली. तीत एस्थर ग्रीनवुड ही महाविद्यालयीन युवती स्वतःच निवेदन करते. तिच्या विकाराचे एकच एक कारण दिलेले नाही. वडिलांचा अकाली मृत्यू, स्त्रीविषयीचे समाजाचे दुटप्पी निकष आणि निष्काळजीपणे दिलेली विद्युत् आघात चिकित्सा यांचा तीत वाटा आहे. उपरोधाची धार असलेल्या शैलीमुळे हे दुःख भावविवश होत नाही. टोनी मॉरिसन हिच्या द ब्लूएस्ट आय (१९७०) मध्ये वर्णद्वेषाने आधीच खचलेली पिकोला पित्याच्या बलात्काराने उद्ध्वस्त होते. तिची कथा मात्र मुख्यतः तिची मैत्रीण क्लॉडिया व एक सर्वसाक्षी निवेदक सांगतात. पिकोला अखेरीस मोकळेपणी बोलते, ती भ्रमावस्थेत, काल्पनिक सखीशी.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० मध्ये आघातोत्तर तणाव विकृतीला निदानसंहितेत स्थान दिले. त्यानंतरच्या कादंबऱ्यांत दडवलेल्या एका घटनेचा क्रमशः उलगडा, ही रचना वारंवार आढळते. लॉरी हॉल्स अँडरसन हिची स्पीक (१९९९) ही तिचे ठळक उदाहरण होय. बलात्कारानंतर पोलिसांना बोलावणाऱ्या मेलिंडाला तिचे सहाध्यायी वाळीत टाकतात व ती जवळजवळ मूक होते. चित्रकलेच्या तासांना झाडाची आकृती साकारण्याची धडपड करीत ती हळूहळू वाचा परत मिळवते.

ह्या रचनेमुळे अपराध कोणाचा, हे निःसंदिग्ध होते; मुलीच्या मौनाला दोष देणाऱ्या समाजात ही गोष्ट लहान नव्हे. तथापि रहस्यभेद होताच व्यक्तिरेखाही संपते व नायिका म्हणजे केवळ तिची जखम, असे समीकरण होण्याचा धोका तीत संभवतो. मेलिंडाच्या मिस्कील निरीक्षणशक्तीमुळे स्पीक त्यापासून बचावते. प्लाथ व मॉरिसन यांच्या कृतींत उलगडा म्हणजे मुक्ती नव्हे : एस्थरचे बरे होणे अनिश्चितच राहते, तर पिकोलाच्या विनाशाची जबाबदारी तिच्या साऱ्या वस्तीवर येते. आघाताचे कारण सांगूनही माणूस शिल्लक राहतो, याचे भान हेच अशा लेखनाच्या श्रेष्ठतेचे गमक होय.