टिटवीची अंडी आणि समुद्र : एका कथेचे पुनर्वाचन

‘टिटवीदेखील समुद्र आटविते’ ही म्हण मराठीत इतकी रुळलेली आहे की, ती ज्या कथेतून आली तिच्याकडे परत जाण्याची गरज सहसा कोणास वाटत नाही. पंचतंत्राच्या ‘मित्रभेद’ या पहिल्या तंत्रात ही कथा येते. समुद्रकिनारी राहणारे टिट्टिभाचे जोडपे, अंड्यांवर आलेली मादी, समुद्राने पळविलेली अंडी आणि अखेर गरुडाच्या मध्यस्थीने विष्णूने समुद्रावर रोखलेला अग्निबाण, असा तिचा विस्तार आहे. आज जमिनीवर घरटी करणाऱ्या किनारी पक्ष्यांच्या रक्षणासाठी विद्युत कुंपण उभारण्याची पद्धत अनेक देशांत रूढ झाली असताना या कथेचे पुन्हा वाचन करावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

परंपरेने या कथेचे अर्थ वेगवेगळे लावले. नीतिकथा म्हणून ती शत्रूचे बळ आणि त्याचे पाठीराखे न जोखता वैर करू नये, हे सांगते. येथे चुकतो तो समुद्र. ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात गीतार्थ सांगण्याच्या आपल्या साहसाला चोचीने सागर मोजणाऱ्या टिटवीची उपमा दिली. तेथे तीच टिटवी विनयाची प्रतिमा होते. म्हणीने मात्र दुबळ्याच्या जिद्दीचा गौरव केला. हे तीनही अर्थ समर्थ आहेत. पण तिघांचेही लक्ष चोच आणि समुद्र यांच्यावर आहे, अंड्यांवर नाही.

मूळ कथेची सुरुवात मात्र अंड्यांच्या प्रश्नानेच होते. पौर्णिमेची भरती मत्त हत्तींनाही ओढून नेते, तेव्हा अंड्यांसाठी दुसरी निर्धास्त जागा शोधावी, असे मादी सुचविते. नर हसतो, समुद्राची काय बिशाद, असे म्हणतो. आभाळ पडेल या भीतीने टिटवी पाय वर करून झोपते, हा लोकप्रिय संकेतही याच कथेत नराच्या गर्वाला उद्देशून आला आहे. पुढे समुद्र अंडी नेतो, ते काहीशा कुतूहलाने. हा पक्षी काय करतो ते पाहू, म्हणून. त्यानंतर नर चोचीने सागर शोषण्याची प्रतिज्ञा करतो, आणि एकट्याने भागणार नाही, इतर पक्ष्यांना हाक घाल, हेही त्याला मादीच सांगते. कथेतील शहाणपणाची दोन्ही वाक्ये तिची आहेत. म्हणीच्या वाट्याला मात्र नराची प्रतिज्ञाच आली, ही मराठी रूढीची एक गंमत म्हणावी लागेल.

मादीच्या या प्रश्नाची आठवण ग्रंथांपेक्षा शेतकऱ्यांनी अधिक जपली. टिटवीने उंचवट्यावर अंडी घातली तर पाऊस चांगला, सखल जागी घातली तर ओढ, असा आडाखा आपल्याकडे बांधला जातो. तो हवामानशास्त्राच्या कसोटीला उतरेल की नाही, हा भाग वेगळा. परंतु या वाचनात पक्षी कोठे बसला आहे, याकडे कोणीतरी पाहते आहे.

आता कुंपणाकडे वळू. संरक्षणासाठीचे विद्युत कुंपण मारक नसते. त्यातून सुमारे सेकंदाला एकदा अतिशय अल्प काळाचा उच्च दाबाचा झटका सोडला जातो. विदर्भातील शेतकरी ‘झटका मशीन’ म्हणतो, ते हेच तत्त्व. घरगुती वाहिनीचा प्रवाह थेट तारेत सोडणे हा त्याहून सर्वस्वी वेगळा आणि बेकायदेशीर प्रकार होय. त्याने विदर्भात वाघ मेले, माणसेही मेली. ब्रिटनमधील ओलसर कुरणांवर आपल्या टिटवीच्या युरोपीय भाऊबंदांसाठी झटक्याची कुंपणे घातली गेली, तेव्हा कोल्हा आणि बॅजर बाहेर राहिल्याने पिले बाहेर पडण्याचे प्रमाण वाढल्याचे अभ्यासांतून दिसले. हे यश नाकारण्याचे कारण नाही. तथापि कुंपणाला आभाळ नसते. कावळा, कुरव, ससाणा यांना तारेची फिकीर नाही, आणि भरतीला तर नाहीच. शिवाय टिटवीची पिले अंड्यातून निघाल्यावर लवकरच चालू लागतात. कुंपण लहान असेल तर ती आपल्या पायांनी संरक्षणाबाहेर जातात. विशिष्ट शत्रूपुरते कुंपण उपयोगी आहे. जागेचा विचार सोडून केवळ त्यावर भिस्त ठेवणे म्हणजे ‘समुद्राची काय बिशाद’ हे नराचे वाक्य तारेत ओवणे होय.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर मादीचा सल्ला प्रत्यक्षात आलेला पाहावयाचा तर पक्ष्यांकडून कासवांकडे वळावे लागते. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांच्या संवर्धनास आरंभ केला. तेथेही कुंपण आहे, पण ते दुसरे पाऊल. आधी अंडी घरट्यातून काढून भरतीच्या रेषेपलीकडे सुरक्षित जागी पुरली जातात. आणि राखण गावकरी करतात; म्हणजे ‘इतरांना हाक घाल’ हाही सल्ला पाळला गेला. टिटवीची अंडी अशी हलविता येत नाहीत, कारण नर-मादी ती स्वतः उबवितात. त्यामुळे तिच्याबाबतीत अंडी नव्हे, माणसाचे वेळापत्रक हलवावे लागेल.

हे नागपुरात बसून लिहिण्याचे कारण मिहान. कथेतील टिट्टिभ किनाऱ्यावरचा. आपली ताम्रमुखी टिटवी मात्र समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, उघड्या मुरमाड जमिनीवरही तितकीच सुखाने विणते. महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी २००२ मध्ये स्थापन झाली. शिवणगाव, खापरी, तेल्हारा, दहेगाव, कलकुही या गावांची जमीन या प्रकल्पाच्या कक्षेत आली. वर्धा मार्गालगतच्या अशा परिसरात सपाट करून ठेवलेला, कुंपण घातलेला पण बांधकाम न झालेला भूखंड टिटवीला आदर्श वाटतो. कुत्री बाहेर, खडीच्या रंगाची चार अंडी आत. येथे कुंपण आधीच आहे, आणि शत्रू कुंपणाच्या आतून, जेसीबीच्या रूपाने येतो. धावपट्टीजवळ तर पेच अधिक विचित्र आहे : कुत्र्या-कोल्ह्यांना रोखणारी भिंत टिटवीला निर्भय करते आणि तीच टिटवी विमानांना धोका ठरते. तेथे तिला बसू न देणे हेच योग्य. मग तिने बसावे कोठे, हा प्रश्न भूखंडांवर येतो.

टिटवीची वीण साधारण मार्च ते ऑगस्ट चालते, अंडी उबण्यास सुमारे चार आठवडे लागतात. जमीन सपाटीकरणाची घाईही पावसाळ्यापूर्वीच्या याच महिन्यांत असते. काम सुरू करण्याआधी भूखंडावरून एकदा पायी फिरून यावे आणि टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली तर तेवढा कोपरा महिनाभर सोडावा, यास तार लागत नाही, वीजही लागत नाही. तिच्या ओरडण्याला आपण आजवर अपशकुन म्हणत आलो.