सिकंदरबागेतील अनामिका

१६ नोव्हेंबर १८५७ रोजी लखनौच्या सिकंदरबागेत इंग्रज फौज शिरली. पिंपळावरून कोणी तरी अचूक गोळ्या झाडीत होते. खाली पाडल्यावर ती स्त्री असल्याचे उघड झाले. ९३ व्या हायलँडर पलटणीतील फोर्ब्ज-मिचेल याने १८९३ साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींत तिच्याजवळील जुन्या घडणीची दोन पिस्तुले नोंदविली; नाव व जात नोंदविली नाही. आज ती ऊदादेवी पासी आहे.

उत्तर प्रदेशात ऊदादेवी व झलकारीबाई यांना राजकीय मंचावर प्रतिष्ठा दिली ती बहुजन समाज पक्षाने. या वीरांगनांच्या कथांतून मायावतींची प्रतिमा कशी घडविली गेली, याचे विवेचन बद्री नारायण यांनी २००६ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात केले आहे. पुढे भारतीय जनता पक्षानेही त्याच मूर्ती उचलल्या. २०२१ साली त्या पक्षाच्या राज्य सरकारने सशस्त्र पोलिसांच्या महिला पलटणींना ऊदादेवी, झलकारीबाई व अवंतीबाई यांची नावे देण्याचे जाहीर केले. एका पक्षाची ऊदादेवी जातीच्या स्वाभिमानासाठी लढते, दुसऱ्याची राष्ट्ररक्षणासाठी. या दुसऱ्या कथेत पासी स्त्रीला गावात कोणत्या विहिरीवर पाणी भरता येत होते, हा प्रश्नच उरत नाही.

लेखी पुरावा नाही म्हणून कथा खोटी, असे आम्ही म्हणत नाही. दप्तर ज्यांच्या हाती होते त्यांनी आमची नावे लिहिली नाहीत, हेही इतिहासच आहे. आमची अडचण निराळी आहे. इंग्रजांशी लढणे हाच शौर्याचा एकमेव मापदंड मानला, तर १ जानेवारी १८१८ रोजी कंपनीच्या बाजूने कोरेगावी पडलेल्या महार शिपायांना कोठे बसवायचे? त्यांची नावे तर दगडावर कोरलेली आहेत, आणि १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब त्या स्तंभापाशी गेले होते. ऊदादेवीला केवळ राष्ट्रवीरांगना म्हणून स्वीकारताना आपण नकळत परक्यांचे माप हाती घेतो. (आपल्याच सभांतून ती घोषणा आम्ही ऐकली आहे.)

एकोणतीस वर्षांच्या सिद्धार्थाने तोवर वृद्ध, रोगी वा प्रेत पाहिलेच नव्हते, ही परंपरागत कथा बाबासाहेबांच्या बुद्धीस पटली नाही. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी ती बाजूस सारली आणि रोहिणी नदीच्या पाण्यावरील शाक्य-कोलियांचा तंटा पुढे मांडला. प्रत्यक्ष तथागतांच्या चरित्रास जी कसोटी लागली, ती पक्षांच्या पुतळ्यांस लावताना आपण का कचरतो?

सिकंदरबागेच्या चौकातील पुतळ्याखाली दोन निरनिराळे मजकूर असावेत, असे आम्हास वाटते: एक फोर्ब्ज-मिचेलने पाहिलेला, दुसरा पासी समाजाने जपलेला.