‘उपरा’ : गाव नसलेल्या मुलाचे पुस्तक

गळीत हंगाम सुरू झाला की हुपरीच्या शिवारात जवाहर साखर कारखान्यासाठी ऊस तोडणाऱ्या टोळ्या परजिल्ह्यांतून उतरतात. चांदीच्या पैंजणांसाठी नावाजलेल्या या गावाच्या वेशीबाहेर कोप्या उभ्या राहतात, आणि शाळेच्या वयाची मुले आईबरोबर फडात जाताना दिसतात. या मुलांमुळेच लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) आम्हांला पुन्हा उघडावेसे वाटले.

१९८१चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभलेल्या या आत्मकथनाची वाखाणणी बहुधा दारिद्र्याचे जळजळीत चित्रण म्हणून होते. आमच्या मते त्याचे बळ अन्यत्र आहे. टोपल्या विणत, गाढवांवर बिऱ्हाड लादून हिंडणाऱ्या कैकाडी कुटुंबातला हा मुलगा शिकावा, असा बापाचा ध्यास; पण शाळेला गाव लागते आणि त्याला गावच नाही. भूक पुष्कळांच्या लेखनात आहे. आपण कुठले, या साध्या प्रश्नाची एवढी दहशत मराठीत आम्हांला क्वचितच आढळली. कैकाडी बोली व ग्रामीण मराठी यांची सरमिसळ शहरी वाचकाला अडते. ती अडू द्यावी.

१९९३ साली, वयाच्या बाराव्या वर्षी, फिलिपाइन्समधून अमेरिकेत पाठवल्या गेलेल्या होसे अँटोनियो वार्गास यांनी ‘डिअर अमेरिका’ (२०१८) या पुस्तकात कागदपत्रांविना काढलेले तारुण्य सांगितले आहे. त्यांनी निदान सरहद्द ओलांडली होती. ‘उपरा’मधल्या मुलाने कोणतीच ओलांडलेली नाही. कैकाडी विदर्भात अनुसूचित जातींत मोडतात, उर्वरित महाराष्ट्रात विमुक्त जातींत. आणि विमुक्त-भटक्यांच्या जातीच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. भटक्याने वास्तव्य दाखवावे! १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अशांचीच नावे सरकारी नोंदवहीत डांबली होती. तो कायदा १९५२ साली रद्द झाला.

उत्तरार्धात मात्र, आंतरजातीय विवाहाच्या संघर्षात, निवेदन लेखकाभोवती एकवटते आणि पालांवर राहिलेली माणसे धूसर होतात. हे वैगुण्य आम्हांला खटकते, कारण तोवर कथा साऱ्या बिऱ्हाडाची होती.

योसेफ व मारिया नावनोंदणीसाठीच बेथलेहेमला गेले होते. पुढे बाळाला घेऊन त्यांना इजिप्तला पळावे लागले. नाताळच्या मिसेला आपण ही कथा ऐकतो, तेव्हा ऊसतोडणी ऐन भरात असते. धर्मग्रामातील शिक्षक-शिक्षिकांनी ‘उपरा’ आवर्जून वाचावे, आणि २००९च्या शिक्षणहक्क कायद्याचे कलम १४ही पाहावे : वयाचा दाखला नाही, एवढ्यावरून कोणत्याही मुलाला शाळेत प्रवेश नाकारता येत नाही.